मागच्या सीटवरची बेरीज

"मॅडम, राग मानू नका, पण वजन किती तुमचं?"

सदा मिस्त्रीनं हे इतक्या सहज विचारलं, की जणू गाडी कुठल्या सालची म्हणून विचारतोय. हातात कळकट फडकं, कानावर पेन्सिल. उद्यमनगरातल्या त्याच्या गॅरेजात शनिवारची दुपार होती. सकाळची शाळा सुटल्यावर घरी जाता जाता खोत सरांनी गाडी मधेच इकडं वळवली होती. मी सावलीला एका टायरवर टेकले होते, ती ताडकन उभी राहिले.

"माझं वजन? गाडी सरांची, स्प्रिंगा सरांच्या. माझं वजन घेऊन तुम्ही काय करणार?"

"तसं न्हाई ओ मॅडम. स्प्रिंग निवडायची म्हंजे रोज गाडीत बसतंय कोण, ते आधी बघाय लागतंय. एकटा माणूस असला तर कुठलीबी चालती. तुमी रोज चारजण."

रोज चारजण हे खरंच होतं. आमची शाळा पन्हाळ्याच्या पलीकडं एका वाडीत. सकाळी वेळेवर पोचेल अशी एकही एसटी नाही. अभिनंदन खोत हा गणिताचा मास्तर, तिशीच्या आतला. त्यानं जुनी छोटी गाडी घेतली आणि आम्ही तिघं पेट्रोलात वाटा देऊन तिच्यातनं जायला लागलो. पुढं त्याच्या शेजारी अनुजा टिपुगडे, विज्ञानाची नवी शिक्षिका, काडीसारखी पोर. मागं उजवीकडं चित्रकलेचे पिरजादे सर आणि डावीकडं मी, हेमलता सरनोबत, इतिहास-भूगोल.

त्या गाडीच्या आधीची माझी बारा वर्षं वडापच्या, म्हणजे माणसं कोंबून नेणाऱ्या, जीपमध्ये गेली होती. जीपवाला मला बघितलं की म्हणायचा, "बाई, तुमी थांबा, आधी बाकीची बसू द्यात." आणि शेवटी दोन माणसांची जागा माझ्या नावानं धरायचा, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं. खोत सरांच्या गाडीत मला कोणी असं बोललं नव्हतं. ती डावीकडची खिडकी माझी होती. ती माझ्याकडून जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी पुढं जे केलं ते का केलं हे कळेल.

तर खोत सरांना गाडी खाली बसवायची हौस आली होती. टायर आणि मडगार्ड यांच्यामधे चार बोटं जागा होती, ती त्यांना बघवत नव्हती. "अगदी उंट दिसतो ओ," असं म्हणायचे. मिस्त्रीनं दोन जोड काढून फरशीवर ठेवले होते. लाल स्प्रिंगा घातल्या की गाडी एक बोट खाली, निळ्या घातल्या की दोन बोटं. खोत सर निळ्यांपुढं उकिडवे बसले होते. देवापुढंही माणूस इतका मन लावून बसत नाही.

"सर, कोल्हापुरातल्या पोरांनी गाडी खाली घ्यावी, हे ठीक," पिरजादे सर म्हणाले. "पण आपण रोज जातोय त्या रस्त्याला रस्ता म्हणत नाहीत. तिथं बैलसुद्धा विचार करून पाय टाकतो."

"हौसेला मोल नसतं सर."

"मोल नसतंय, पण पाठीला मणके असत्यात."

अनुजा खुदकन हसली. ती हसली म्हटल्यावर खोत सरांनी निळ्याच घ्यायच्या हे नक्की झालं. आम्ही दोघं म्हातारे ते ओळखून एकमेकांकडं बघून हसलो. पिरजादे सरांशी माझं असंच होतं. न बोलता जमायचं.

"लाल घ्या," मिस्त्री म्हणाला. "निळी मी न्हाई म्हणत न्हाई, पण मागं दोघांचं मिळून एकशे तीसच्या आत असलं तरच. त्याच्या वर गेलं तर टायर आत घासणार. मग माझ्या नावानं ओरडायचं न्हाई."

"काही लोक मूळचीच स्प्रिंग कापून देतात म्हणे," खोत सर म्हणाले.

"त्यांच्याकडं जावा मग. मी स्प्रिंग कापत न्हाई." आणि मग तो माझ्याकडं वळला आणि त्यानं ते विचारलं.

खोत सर निळ्या स्प्रिंगेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होते. अनुजा बघत होती. शेजारच्या शेडमध्ये लोखंडाची ओतीव कास्टिंग घासणारी दोन माणसं होती, तीसुद्धा थांबली असं मला वाटलं. कदाचित थांबली नसतीलही. लाज आली की सगळं जग कान देऊन ऐकतंय, असं मला नेहमीच व्हायचं.

"अडुसष्ट," मी म्हणाले.

कधीकाळी ते खरं होतं. माझा धाकटा मुलगा पहिलीत होता तेव्हा. त्यानंतर मी काट्यावर उभी राहिलेच नव्हते. दवाखान्यात नर्स काट्यावर चढा म्हणाली, की मी म्हणायची, "लिहा अडुसष्ट."

मिस्त्रीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. कानावरची पेन्सिल काढून फरशीवरच आकडा मांडला.

"आणि सर, तुमचं?"

"माझं धरा साठ," पिरजादे सर म्हणाले. "हाडं पण धरून."

"एकशे अठ्ठावीस!" खोत सर उठलेच. "एकशे तीसच्या आत. निळ्या बसवा मिस्त्री."

गणिताचा मास्तर, बेरीज पक्की. मी मात्र परत टायरवर जाऊन टेकले.

सोमवारी गाडी दारात आली, तेव्हा खरंच देखणी दिसत होती. रस्त्याला चिकटून उभी. मी दार उघडून आत बसले आणि गाडी माझ्या बाजूला हलकेच झुकली. आधीही झुकत असेल, पण आधी ते कोणाला दिसत नव्हतं. शिवाजी पुलापर्यंत काही झालं नाही. पुढं पहिल्या खड्ड्याला माझ्या बुडाखालनं आवाज आला, घर्रर्र.

"काय झालं?" अनुजानं मागं वळून बघितलं.

"नवीन आहेत, बसतील," खोत सर म्हणाले.

त्या बसल्या नाहीत. प्रत्येक खड्ड्याला घर्रर्र, आणि तेही नेमकं माझ्याच चाकाशी. उजवीकडं पिरजादे सरांच्या बाजूला एकदम शांतता. मी काय करायची सांगू? खड्डा दिसला की खिडकीवरची मूठ धरून स्वतःला जरा वर उचलायची. गाडीतच बसलेलं माणूस मूठ धरून लोंबलं म्हणून गाडी हलकी होते का? भूगोल शिकवणारी बाई मी, मला एवढं कळत नव्हतं असं नाही. पण उचलायची. घामानं हात निसटायचा, परत धरायची. अनुजाच्या समोरच्या छोट्या आरशात मी दिसत असेन, या विचारानं मान फिरवून बाहेर बघत राहायची.

वाडीच्या वेशीला गावकऱ्यांनी आपल्या मनानं एक स्पीडब्रेकर घातला होता. एक पोर गाडीखाली येता येता वाचलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी घातलेला. तो स्पीडब्रेकर नव्हताच, बांध होता. त्यावर गाडी पोटावर टेकली आणि अडकली. खोत सर घसा खाकरून म्हणाले, "जरा... मागचे दोघं उतरता का? एवढाच पार करू."

मागचे दोघं म्हणाले ते. पण सगळ्यांना ठाऊक होतं कोणी उतरायला पाहिजे ते. माझे पाय जागचे हलेनात.

पिरजादे सर आधी उतरले. वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि त्यांनी माझं दार उघडलं. "चला बाई, पाय मोकळे करू. सरकारी पगारात फिरायला मिळतंय, सोडायचं कशाला?"

मी उतरले आणि गाडी माझ्या डोळ्यांदेखत वर उठली. वेशीच्या कट्ट्यावर आमच्याच आठवीची पोरं बसली होती. त्यांतलं एक ओरडलं, "बाई उतरल्या, गाडी उठली!" आणि सगळी खिदळली. पिरजादे सर त्यांच्याकडं बघून म्हणाले, "शाबास रे, उद्या चित्रकलेच्या तासाला हेच चित्र काढायचं. ज्याचं चांगलं येईल त्याला मी गाडीवर बसवून ढकलतो." पोरं गप्प झाली. पण ते वाक्य पुढं वर्षभर शाळेत फिरलं. मी वर्गात शिरले, की मागच्या बाकावर कोणीतरी पुटपुटायचं, आणि सगळा वर्ग उठून उभा राहताना हसू दाबायचा.

रोज तसंच व्हायला लागलं. सकाळी वेशीवर उतरायचं, शाळा सुटल्यावर परत वेशीवर उतरायचं. पिरजादे सर रोज माझ्याबरोबर उतरायचे. बांध ओलांडून गाडीपर्यंत पन्नासेक पावलं चालताना त्यांना धाप लागायची. मी म्हणायची, "सर, तुम्ही कशाला उतरता? तुमचं वजन ते काय." ते म्हणायचे, "एकटी बाई उतरवायची म्हंजे बरं दिसत न्हाई." त्यांच्या चांगुलपणानं मला रडू यायचं आणि लाजही वाटायची. म्हाताऱ्या माणसाला माझ्यापायी तंगडतोड. धाप कशाची, हे मात्र मनात आलं नाही.

त्यांनी त्या वर्षी दाढी ठेवली होती. "रिटायर झाल्यावर हजला जायचंय, आतापासनं सराव," असं सांगायचे. शर्टाच्या आतनं स्वेटर घालायचे. भर ऑगस्टातसुद्धा. "काय सर, थंडी वाजते का प्रेम झालंय?" मी चेष्टा करायची. "पहाटेचा गारवा बाधतोय बाई," असं म्हणून ते हसायचे.

मी घरी खाणं बंद केलं. सकाळी नुसता चहा, रात्री ताक. आमचे हे म्हणाले, "उपास कुणाचा धरलाय?" मी म्हटलं, "स्प्रिंगेचा." पण शाळेत मधल्या सुट्टीत पिरजादे सर डबा उघडायचे. त्यांची सून रजिया हाताची सुगरण. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा खर्डा, कधी अंड्याची पोळी. सर दोन घास मोडायचे आणि डबा माझ्याकडं सरकवायचे.

"खावा बाई. सून डोंगराएवढं भरती. परत नेलं की बोलती. माझं पोट भरलं."

"नको सर. मला कमी खायचंय."

"माझ्यासाठी. न्हाईतर मला बोलणी बसतील."

हे काही स्प्रिंगा बसवल्यावर सुरू झालेलं नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधीपासनंच चाललं होतं. आणि मी खायची. खरं सांगायचं तर भुकेनं खायची. घरी उपाशी राहून, इथं दुसऱ्याच्या डब्यावर. भिंतीकडं तोंड करून भराभर खायची, अनुजा यायच्या आत संपवायची. वरनं मनाची समजूत, की सुनेचं मन राखतेय. डबा स्वच्छ पुसून सरांच्या पिशवीत ठेवायची.

तीन आठवडे घासून घासून टायरची आतली बाजू पांढरी पडली, तेव्हा खोत सरांचं डोकं फिरलं. मधे एकदा मिस्त्रीकडं नेऊन डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल करून झाली होती. तरीही घासायचं ते डावीकडंच. शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही सगळे परत उद्यमनगरात.

"डुप्लिकेट माल दिलात तुम्ही," खोत सर गाडीतनं उतरता उतरताच म्हणाले. आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत. "एकशे अठ्ठावीस किलोवर चालेल म्हणाला होतात. कुठं चालतंय? तीन आठवडे रोज माणसं उतरवून गाडी पुढं नेतोय मी!"

सदा मिस्त्रीचा चेहरा काळाठिक्कर पडला. "सर, तोंड सांभाळून. बावीस वरसं झाली मला हितं. चोराच्या उलट्या बोंबा नका मारू."

"चोर? मी चोर?"

"मग मी हाय का? स्प्रिंगा अदलून बगितल्या का न्हाई? स्प्रिंग हिकडची तिकडं गेली, तरी घासतंय त्याच बाजूला. म्हंजे खोट स्प्रिंगेत हाय का वर बसणाऱ्यात?"

कोणी माझ्याकडं बघितलं नाही. त्यामुळंच मला कळलं, की सगळे माझाच विचार करताहेत. उभ्या गिऱ्हाइकांतला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "हितनं माल घ्यायचा म्हंजे बगाय पायजे बाबा." मिस्त्रीनं ते ऐकलं. बावीस वर्षांचं त्याचं नाव माझ्या लपवलेल्या किलोंखाली दबून चाललं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

"शेजारी काटा हाय," मिस्त्री म्हणाला. "कास्टिंग मोजायचा. ग्रॅमचा फरक दावत न्हाई. मागची दोघं उभी ऱ्हाऊ द्यात. माझं चुकलं असंल तर स्प्रिंगा फुकटात काढून देतो, आनि गॅरेजला कुलूप लावतो."

"काही गरज नाही," खोत सर एकदम नरमले. त्यांनाही कळलं असावं. "असू दे, मॅडमना कशाला..."

त्या 'मॅडमना कशाला'नं माझं टाळकं सरकलं. दया मला सहन होत नाही, शिवी परवडते. मी पर्स अनुजाच्या हातात दिली, चपला काढल्या आणि शेजारच्या शेडमध्ये जाऊन त्या लोखंडी पत्र्यावर उभी राहिले. पत्रा तापलेला होता. वरच्या डब्यात लाल आकडे नाचले आणि थांबले.

एक्क्याण्णव.

कास्टिंग घासणारी माणसं आता नक्की थांबली होती. अनुजा माझ्या पर्सची चेन उघडझाप करत होती. मी मोठ्यानं म्हणाले, "एक्क्याण्णव. मी खोटं सांगितलं होतं. मिस्त्री, तुमची चूक नाही." आवाज चिरकला माझा. वर्गात चाळीस पोरांपुढं न चिरकणारा आवाज.

मिस्त्री खाली बघत म्हणाला, "असू द्या मॅडम." आणि खोत सर, सवयीनं, बोटं मोजून पुटपुटले, "तेवीस जास्त. म्हणजे एकशे एक्कावन्न. मग बरोबर आहे."

मी काट्यावरनं उतरले. डोळ्यांत पाणी, कान लाल. आणि समोर पिरजादे सर. ते हळूहळू मागं सरकत गाडीकडं चालले होते. मला आधार द्यायला पुढं आले नाहीत, नेहमीसारखं काही बोललेही नाहीत. उलट निसटत होते. मला राग आला. सगळ्यांसमोर मी एकटीनंच उघडं पडायचं?

"सर, कुठं चाललात? तुमचंही होऊन जाऊ दे की."

"माझं काय बघायचंय बाई. सुकट बोंबील. ऱ्हाऊ दे."

"का? बायकांनीच चढायचं का काट्यावर?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची असती बाई," ते हसले. पण ते हसणं दाढीतच राहिलं.

मी त्यांचं मनगट धरलं. धरलं आणि ओढलं. मस्करीतच, पण जोरात ओढलं. ते सहज आले. मला वाटलं होतं जरा हिसका देतील, पण एखादं पोर यावं तसे आले. त्यांच्या खांद्याला पिशवी होती, डबा आणि रंगांच्या पेट्या असलेली. ती घेऊनच ते काट्यावर चढायला लागले, तर मी म्हणाले, "पिशवी खाली ठेवा. फसवाफसवी नको आता. स्वेटर पण काढा, पाव किलो तो असेल."

हे माझं वाक्य.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी खाली ठेवली. शर्टाची बटणं काढली, स्वेटर काढला. आत आणखी एक स्वेटर होता. तोही काढला. मग बनियनवर ते काट्यावर उभे राहिले. खांद्याची हाडं शर्टाच्या हँगरसारखी. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली नवी भोकं, एकापुढं एक, आणि पँटच्या चुण्या आत वळवून धरलेल्या.

त्रेचाळीस.

शेडमधलं ग्राइंडर कोणीतरी बंद केलं. सदा मिस्त्रीनं पुढं होऊन काट्याच्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाला, "ह्या काट्यात कायतरी गडबड हाय." आताच ग्रॅमचा फरक नाही म्हणणारा माणूस. त्याचं ते खोटं मी आजवर विसरलेले नाही.

खोत सरांचे ओठ हलत होते. एक्क्याण्णव आणि त्रेचाळीस. ते अर्धवट म्हणालेच, "एकशे चौतीस... बेरीज तर..." आणि थांबले.

"तुमची बेरीज चुकली नव्हती खोत सर," पिरजादे सर शर्ट घालत म्हणाले. "सहा किलोनं काय हुतंय? हिकडचं तिकडं गेलंय, एवढंच. माझं बाईंकडं."

हसून म्हणाले. आणि मला डबा आठवला.

मिस्त्रीनं त्याच दुपारी निळ्या स्प्रिंगा काढून मूळच्या परत बसवल्या. काही न विचारता. तोवर आम्ही चौघं टायरवर बसून राहिलो. अनुजानं सगळ्यांसाठी चहा सांगितला. पिरजादे सरांनी कप नुसता हातात धरला. मी त्यांच्या शेजारी बसले होते.

"सर, किती दिवस?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासनं. घास उतरत न्हाई. उतरला तर ऱ्हात न्हाई."

"डॉक्टर?"

"जाणार हुतो. इंटरमीजिएटची चित्रकलेची परीक्षा झाली की. यंदा चौदा पोरं बसवल्यात. आता सांगितलं तर माझा पोरगा मला शाळा सोडवून बसवंल घरी." मग आवाज बारीक करून म्हणाले, "बाई, डब्याचं तेवढं घरी बोलू नका. रजियाला वाईट वाटंल."

मी मान हलवली. दुसरं काय करणार होते?

सोमवारी खोत सर गाडी घेऊन शाळेत आले नाहीत. पिरजादे सरांना घेऊन दवाखान्यात गेले. पोटातलं दुखणं निघालं, आणि ते पुष्कळ पुढं गेलेलं होतं. चौदा पोरांची परीक्षा मी आणि अनुजानं मिळून पार पाडली. आम्हाला दोघींना सरळ रेघ येत नाही, पण पोरं सरांची होती, त्यांना सगळं येत होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी दवाखान्यात गेले. खोत सरच घेऊन गेले. गाडी परत उंटासारखी उंच, खड्ड्यात आवाज नाही. मी डावीकडं बसले होते. उजवीकडची सीट रिकामी होती, आणि गाडी कुठंच घासली नाही. घासत गेली असती तरी चाललं असतं, सर शेजारी हवे होते, असं मला वाटत राहिलं.

सर पलंगावर होते. दाढी काढली होती. दाढीखाली काय लपवलं होतं ते आता दिसत होतं. मला बघून हात उचलला. "या बाई. पाय मोकळे करायला आलात?"

रजिया पायथ्याशी उभी होती. पंचविशीतली पोर, डोळे सुजलेले. मला स्टूल दिलं. मी विचारलं काही खातात का. तिनं मान हलवली आणि तिचा बांध फुटला.

"मॅडम, आमच्या काय ध्यानातच आलं न्हाई ओ. माणूस घरातल्या घरात असं झालं, आनि मी काय आंधळी हुते काय? डॉक्टर म्हणले, उन्हाळ्यापासनं जेवत नसणार. मी म्हणलं, न्हाई ओ, जेवायचे. डबा रोज रिकामा यायचा. पुसल्यागत रिकामा. रात्री घरी कमी खायचे, पण मी म्हणायची, दुपारी पोटभर खाल्लंय, असू दे. डबा परत आला असता ना मॅडम, एक दिवस जरी भाकरी परत आली असती, तर मी त्याच दिवशी ह्यांच्या मागं लागले असते."

मी सरांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून.

"तुझ्या हाताला चवच तशी," ते रजियाला म्हणाले. "कसा उरंल डबा?"

ती पदरानं डोळे पुसून पिशवीतनं डबा काढायला लागली. तोच डबा. कडेला जरा चेपलेला, झाकण डावीकडनं दाबल्याशिवाय न निघणारा. ते मला ठाऊक होतं, कारण शंभर वेळा तो माझ्यासमोर उघडला होता. "आज पण आनलाय. दोन घास तरी खातील म्हणून. खात न्हाईत. मॅडम, तुमी तरी खावा. तुमी लांबनं आलायसा."

झाकण निघालं. भाकरी, भरीत, खर्डा. खोत सर दारातनं बाहेर गेले.

"नको गं," मी म्हणाले. "मला भूक नाही."

"खावा बाई," सर म्हणाले. आवाज पार खोल गेला होता, पण बोलायची ढब तीच. "परत नेला तर ही बोलती."

रजिया डबा पुढं धरून उभी होती. मी हात धुतले, स्टुलावर बसले आणि भाकरी मोडली. या वेळी भिंतीकडं तोंड केलं नाही. सरांकडं बघत एकेक घास गिळत राहिले, आणि ते माझ्या तोंडाकडं बघत होते. सगळा डबा संपवला मी. रजियानं तो घेतला, आत बघितलं आणि म्हणाली, "बरं वाटलं बगा."